घळीकडची फेरी

अण्णांच्या नडग्या कायम सोललेल्या असत, आणि त्याचं आम्हाला कुणालाही नवल वाटत नसे. ते मालगाडीचे गार्ड होते. रात्री-बेरात्री गाडी कुठेही उभी राहायची, मग हातात कंदील घेऊन खडीवरून चालायचं, डब्यांच्या जोडण्या बघायच्या, पुन्हा मागच्या डब्यात चढायचं. अशा माणसाचे पाय सोलणारच. आई खोबरेल तेलात हळद कालवून वाटी त्यांच्यापुढे ठेवायची. अण्णा ती न बोलता लावायचे आणि मग पेपर उघडायचे.

कल्याणला यार्डाच्या कडेला आमचं क्वार्टर होतं. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपुढे नळ. शंटिंग सुरू झालं की फडताळातले पेले किणकिणत. आम्हा बहिणींना त्या आवाजाची इतकी सवय होती की यार्ड शांत झालं तर झोपमोड व्हायची. अण्णांच्या जाण्यायेण्याला वेळकाळ नसल्यामुळे घरात चूल कधी पुरती विझत नसे. त्यांच्या डब्यात दशम्या, दाण्याची चटणी आणि एक कांदा ठरलेला. उरलेली अर्धी दशमी परत आली की ती आमच्या दोघींत वाटली जायची, आणि गाडीचा धूर खाऊन आलेल्या त्या दशमीला एक वेगळीच चव असायची. माझी धाकटी बहीण छबू तेव्हा सहा वर्षांची होती. मी चौदा पुरी करून पंधराव्यात होते.

त्या वर्षी अण्णा तिरसट झाले होते. निदान आम्ही तसं म्हणत होतो. वाटेत कुणी बादली ठेवली, पाट सरकवलेला राहिला, की त्यांचा पाय त्यावर आदळायचा आणि ते कडाडायचे, "घर आहे का गोदाम?" पाण्याचा तांब्या त्यांच्या कोपराला लागून कितीदा तरी लवंडला. दिवाळीत तर उंबऱ्यापुढची रांगोळी त्यांनी सरळ तुडवली आणि उलट मलाच विचारलं, "इथे काढायची काय गरज होती?" संध्याकाळी शेजारचे लोक ओट्यावर गप्पांना बसायचे, तिथे जाणं त्यांनी बंद केलं. दिवेलागण झाली की आपल्या खुर्चीत बसून राहायचे. पण तेच अण्णा सकाळी पेपरमधली बारीकातली बारीक जाहिरात वाचून दाखवायचे, दूरच्या सिग्नलचा हात खाली आलाय की वर हे खिडकीतून सांगायचे. त्यामुळे डोळ्यांचा संशय कुणालाच आला नाही. आई म्हणायची, "वय होतंय. पुरुषांचं असंच होतं." अण्णा तेव्हा पंचेचाळीसचेही नव्हते. आज माझ्या मुलाचं वय त्याहून जास्त आहे, तेव्हा हे वाक्य आठवलं की हसू येतं.

दिवाळीनंतर भातं कापून झाली की अण्णा आम्हाला एका फेरीला न्यायचे. फेरी हा त्यांचाच शब्द. सकाळच्या पॅसेंजरने बदलापूरला उतरायचं, गाडीवाटेने शेतांमधून आत जायचं, नदीकाठच्या महादेवाच्या देवळात पोचायचं, तिथे जेवायचं, आणि येताना मात्र गाडीवाट सोडून नदीच्या घळीतून खाली उतरून, पलीकडच्या काठाने स्टेशन गाठायचं. आल्या वाटेने परत जाणं अण्णांना आवडत नसे. "आयुष्यभर त्याच रुळांवरून जातो येतो," ते म्हणत, "एक दिवस तरी गोल फिरू." आई कधी आली नाही. तिला चालणं झेपायचं नाही, आणि देवळाजवळ आम्ही कुणाच्या घरी जेवतो हे तिला माहीत नसलेलंच बरं, असं अण्णांचं मत होतं.

त्या खेपेला अण्णा आदल्या रात्रीची ड्यूटी करून पहाटे आले आणि अंघोळ करून तसेच निघाले. पॅसेंजरही रखडली. उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. शेतात भाताची उडवी रचलेली होती, वाऱ्याबरोबर पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास येत होता. छबू बांधावरून पळत होती. अण्णा वाटेच्या अगदी मधोमध, नजर समोर लावून चालत होते.

अर्ध्या वाटेवर करंजाच्या झाडाखाली काही जुने दगड उभे होते. एकाला शेंदूर फासलेला, तो वाघोबा. बाकीचे वीरगळ. गावच्या गुरांसाठी किंवा गावासाठी लढताना मेलेल्या माणसांची ती स्मारकं. अण्णा दर वर्षी तिथे थांबून आम्हाला ती समजावून सांगत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत, आणि वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. त्या दिवशी त्यांनी दगडावर तळवा ठेवला आणि बोटं फिरवत सांगायला सुरुवात केली. झाडाखाली सावली दाट होती.

"अण्णा, हात का लावता?" छबूने विचारलं.

"असा जास्त कळतो," ते म्हणाले.

मला ते पटलं. मीही माझा हात ठेवून पाहिला. घोड्याचे पाय बोटांना लागत होते, आणि वीराच्या जागी नुसता उंचवटा. पुढे तिथे धरण झालं. ते दगड पाण्याखाली गेले की कुणी आधीच उचलून नेले, मला माहीत नाही. कुणी सांगितलेलंही नाही.

देवळाच्या खालच्या अंगाला हौसाबाईंचं घर होतं. त्या कुणबी, म्हातारपणाकडे झुकलेल्या, घरात एकट्याच असत. मुलगा कुर्ल्याला गिरणीत होता. फार पूर्वी कधीतरी त्यांचा हा मुलगा अण्णांच्या गाडीतून चोरून प्रवास करताना सापडला होता आणि अण्णांनी त्याला पोलिसात न देता घरी पोचवलं होतं, तेव्हापासूनची ही ओळख. त्यांनी लाल तांदळाचा भात, वालाचं बिरडं आणि तव्यावरून थेट पानात पडणाऱ्या तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या. जेवण झाल्यावर अण्णा ओसरीवर जरा टेकले आणि त्यांना गाढ झोप लागली. छबूही त्यांच्या कुशीत आडवी झाली. मी उठवायला गेले तर हौसाबाई म्हणाल्या, "निजू दे गं. रातभर गाडी हाकून आल्यात."

अण्णा जागे झाले तेव्हा ओसरीवरचं ऊन निघून गेलं होतं. त्यांनी अंगणाकडे पाहिलं, मग आकाशाकडे, आणि एकदम उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं काही वाईट स्वप्न पडलं असावं.

"मला उठवलं का नाहीत?" ते म्हणाले. आवाज चढवून नव्हे. कडाडले असते तर बरं वाटलं असतं.

हौसाबाई सुपातले वाल बाजूला ठेवून दाराशी आल्या. "गार्डसायेब, घलीची वाट नका धरू. पावसाल्यात दरड आलीय, मधी वाट खचलीय. गाडीवाटंनी जा."

"गाडीवाटेने रानात अंधार होईल," अण्णा म्हणाले. "घळीने निम्मं अंतर आहे. उजेडात खाली उतरतो."

"मग ऱ्हा रातीचे. पोरी हायेत बरोबर."

"रात्री ड्यूटी आहे, हौसाबाई."

त्यांनी छबूला खांद्यावर घेतलं आणि आम्ही निघालो. मला वाटतं, त्यांचा हिशेब त्यांच्यापरीने बरोबर होता. लांबच्या वाटेवर मिट्ट अंधार गाठणार, जवळच्या वाटेवर थोडा तरी उजेड मिळेल. फक्त घळीत सावली किती लवकर उतरते हे ते विसरले होते.

नदी तिथे काळ्या कातळातून खोल चिरत गेलेली होती. वरून पाहिलं तर पाणी दिसायचं नाही, फक्त आवाज यायचा. कड्याच्या पोटातून एक वाट गेली होती, बैलाच्या पाठीएवढी रुंद. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला काही नाही. इतर वर्षी आम्ही त्या वाटेवरून ओरडत जायचो आणि समोरच्या कड्याकडून आमचीच नावं परत यायची. त्या दिवशी आत शिरताच अण्णा थांबले.

"कुसुम, तू पुढे चाल. आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. शाळेतलं सांग. गप्प राहू नकोस."

मी भूगोलाच्या बाईंविषयी सांगू लागले. वर आकाश अजून पिवळं होतं, पण वाटेवरचा उजेड राखेसारखा झाला होता. मागे अण्णांची पावलं येत होती, पण चालण्याच्या लयीत नाही. एक पाऊल, मग घासल्याचा आवाज, मग दुसरं. मी वळून पाहिलं. वाटेत घागरीएवढा धोंडा पडलेला होता. मी त्याला वळसा घालून आले होते. अण्णा सरळ त्याच्यावर चालत आले. नडगी आपटली, ते पुढे झुकले, आणि खांद्यावरची छबू दरीच्या बाजूला कलली. तिने त्यांचे केस धरले म्हणून राहिली.

"अण्णा, एवढा धोंडा दिसला नाही?"

"चाल तू," ते म्हणाले.

मी चालले. बोलायचं मात्र विसरले. "आवाज दे," ते मागून म्हणाले. मी पाढे म्हणायला लागले, कारण दुसरं काही सुचेना. मला काय कळलं होतं ते मी स्वतःला अजून सांगितलं नव्हतं.

मग खचलेली जागा आली. अंथरलेल्या सतरंजीएवढी लांब वाट तिथे नव्हतीच. खडकाच्या मुळाशी वीतभर रुंदीचा उतरता कातळ राहिला होता, त्यावर मातीमुरूम. त्यापुढे पुन्हा वाट होती. मी थांबले. अण्णा माझ्यामागे येऊन उभे राहिले. मान ताठ, नजर समोर, जिथे पलीकडची वाट उजळ दिसत होती तिथे. त्यांचा पाय पोकळीपासून हातभरावर होता.

"वाट बरी आहे ना पुढे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "अण्णा, हलू नका. छबूला खाली उतरवा. मागच्या बाजूला."

माझा स्वर आईसारखा निघाला असावा, कारण त्यांनी लगेच ऐकलं. छबूला उतरवून ते खडकाला पाठ लावून खाली बसले.

"तुम्हाला किती दिसतं?"

त्यांनी हाताने बाजूची जमीन चाचपली. मग म्हणाले, "समोरचं दिसतं. बांबूच्या नळीतून बघावं तेवढं. बाजूचं नाही, पायाखालचं नाही. आणि उजेड गेला की नळीपण बुजते."

"केव्हापासून?"

"दोनेक वर्षं."

मागे फिरावं तर तेवढीच वाट मागे होती आणि ती आता पुढच्यापेक्षाही काळी दिसत होती. मी त्यांचं उपरणं मागून घेतलं, त्याचं एक टोक छबूच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला. खडकाकडे तोंड करून, खाचांत बोटं रुतवून, आम्ही दोघी पलीकडे गेलो. तिला एका कपारीत बसवून मी म्हणाले, "इथून उठायचं नाही," आणि उपरणं सोडून परत आले.

अण्णांना उभं राहून नेणं शक्य नव्हतं. ते बसल्या बसल्याच, पाठ खडकाला घासत, एकेक वीत सरकू लागले. मी त्यांच्या पुढे ओणवी होऊन त्यांची टाच हातात धरत होते आणि कातळावर टेकवत होते. "आता ही. आता दुसरी. भार टाका." माझ्या बापाच्या पायाला मी तोवर फक्त नमस्कारापुरती शिवले होते. मधोमध पोचलो आणि त्यांच्या हाताखालचा मुरूम सुटला. ते दरीकडे एकदम घसरले. मी त्यांची पोटरी दोन्ही हातांनी आवळली, त्यांचा पंजा खडकाच्या कंगोऱ्यात अडकला. सुटलेले दगड खाली गेले, आणि ते पाण्यात पडल्याचा आवाज इतक्या उशिरा आला की मला वाटलं होतं तो येणारच नाही.

तो ऐकून छबू रडत उठली. "अण्णा, मी येते," म्हणाली आणि कपारीबाहेर पाऊल टाकलं. माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

"छबू," अण्णा म्हणाले. ते ज्या आवाजात फलाटावरच्या हमालांना गाडीपासून दूर करत त्याच आवाजात, शांतपणे. "जागेवर बस. मी येतोय."

ती बसली. आम्ही पोचलो तेव्हा अण्णांनी तिला इतकं घट्ट धरलं की ती पुन्हा रडायला लागली. छबू आता आजी झाली आहे. तिला त्या फेरीतलं विचारलं तर म्हणते, हौसाबाईंनी परकराच्या ओच्यात बोरं दिली होती. बाकी काही आठवत नाही.

नदीतल्या धोंड्यांवरून आम्ही पलीकडे उतरलो तेव्हा चांदण्या निघाल्या होत्या. मी पुढे, अण्णांचा हात माझ्या खांद्यावर, छबू माझ्या बोटाला. स्टेशनच्या बाकावर दिव्याखाली बसल्यावर ते बोलले.

"आईला सांगू नकोस."

"नोकरीतली डोळ्यांची तपासणी कशी पास होता?"

"अक्षरं समोर टांगलेली असतात. समोरचं मला उत्तम दिसतं. मला कुणी पकडणार नाही, कुसुम. भीती तीच आहे."

"रात्री गाडी मध्येच बंद पडली तर तुम्ही मागे जाता ना, रुळावर फटाके लावायला? मागच्या गाडीला कळावं म्हणून?"

"जावंच लागतं."

"कसे जाता?"

"रुळाला हात लावत," ते म्हणाले.

गाडी येईपर्यंत मी मनात तेच बघत होते: अंधारात कमरेत वाकून एका रुळाला धरून चाललेला माणूस, आणि मागून येणारी दुसरी गाडी. आणि त्या गाडीतल्या माणसांनाही घरून असंच कुणीतरी दशमी बांधून दिलेली.

घरी पोचलो. आईने पानं घेतली. अण्णांचं ताक पिऊन होतं तोच दारावर थाप पडली. गार्डांना ड्यूटीची वर्दी द्यायला एक माणूस घरोघरी हिंडत असे. त्याला कॉलमन म्हणत. हा लक्ष्मण नावाचा, हातात कंदील, अंगात जाडा कोट. "गार्डसाहेब, कॉल आहे. इगतपुरीकडची माल."

अण्णा उठले. काळा कोट चढवला, बटणं लावली. आई डबा भरायला लागली. सगळं रोजच्यासारखं होतं, आणि अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. मी पडवीच्या दारात उभी होते. नोकरी गेली तर हे घर जाईल, हे मला कळत होतं. माझी शाळा, छबूची शाळा, सगळंच. आणि घाटातला अंधारही दिसत होता.

"आई," मी म्हणाले, "अण्णांना रात्रीचं दिसत नाही. दिवसासुद्धा फक्त समोरचं दिसतं. आज छबू दरीत पडत होती."

आईच्या हातातला डबा तसाच राहिला. अण्णा खाली बघत म्हणाले, "पोरीला काही समजत नाही."

आई पुढे आली. कोटाच्या कॉलरजवळ, त्यांच्या कानाच्या बाजूला तिने हात उंच केला आणि बोटं हलवली. दिवा तिच्या मागेच होता.

"अहो, किती बोटं आहेत?"

अण्णा समोर तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. "कुठे?" ते म्हणाले.

आईने हात खाली घेतला नाही. तसाच धरून ती उभी राहिली. मग दाराकडे वळून म्हणाली, "लक्ष्मण, साहेबांना सांगा, हे आजारी आहेत. येत नाहीत."

लक्ष्मण कंदील घेऊन वळला, तेवढ्यात अण्णांनी त्याला हाक मारली. त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं होतं.

"आजारी नाही म्हणावं. दिसत नाही म्हणून येत नाही. असंच सांग. तुझ्या तोंडून नको वाटत असेल तर उद्या सकाळी मी येऊन सांगतो."

सकाळी ते गेले आणि सांगून आले. मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेनं वाळत चाललाय, यावर औषध नाही. गाडीवरून त्यांना उतरवलं आणि बऱ्याच खटपटीनंतर पार्सल कचेरीत दिवसाचं बैठं काम दिलं. पगार घटला, क्वार्टर सुटलं. डोंबिवलीला एका चाळीत दोन अंधाऱ्या खोल्या घेतल्या. आईने शिवणयंत्र आणलं, मी संध्याकाळी दोन मुलींच्या शिकवण्या धरल्या. शाळा कुणाचीच सुटली नाही. मात्र त्या रात्रीपासून अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. रागाने की लाजेने, मला ओळखता आलं नाही. काही हवं असलं तर छबूकडून निरोप यायचा. आई म्हणायची, थांब जरा. मी थांबले. पण त्या वयात थांबणं फार लांब असतं.

एका संध्याकाळी शिकवणीहून आले तर अण्णा दारात चपला घालून उभे होते. दिवे लागले होते, रस्त्यावर तर अंधारच होता. त्या वेळेला ते घराबाहेर पडून कितीतरी महिने झाले असतील.

"कुसुम," ते म्हणाले, "चल, बाजारापर्यंत जाऊन येऊ."

मी पुस्तकं आत टाकली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही पायऱ्या उतरलो. मला इतका आनंद झाला होता की मी दिसेल ते सांगत सुटले. डावीकडे भाजीवाली बसलीय, तिच्याकडे आज मेथी आहे, समोरून डॉक्टरांचे कंपाउंडर येताहेत, त्यांनी नवी टोपी घातलीय.

अण्णांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग खांद्यावरचा हात जरा दाबून म्हणाले, "इतकं बारीक नको सांगूस गं. खड्डे तेवढे सांग."